मराठी ई-पुस्तक स्वतः प्रकाशित करण्याआधी मांडणीची तपासणी नेमकी कशी करावी?

घाटमाथा

नमस्कार. सह्याद्रीतील घाटवाटांवर लिहिलेले माझे पुस्तक ई-पुस्तक म्हणून स्वतःच प्रकाशित करण्याच्या तयारीत मी आहे. पुस्तकात बहुतांश साधा गद्य मजकूर आहे, पण त्याबरोबर तळटीपा, जात्यावरच्या काही ओव्या, शिखरांच्या उंचीचा एक तक्ता, हाताने काढलेले नकाशे आणि छायाचित्रेही आहेत. काही प्रकरणे पूर्वी एका दिवाळी अंकासाठी लिहिलेली असून ती युनिकोडपूर्व टंकात (युनिकोड ही संगणकावर अक्षरे साठवण्याची आजची सर्वमान्य पद्धत, आणि टंक म्हणजे फॉन्ट) जुळवलेली होती, त्यामुळे तेवढा भाग रूपांतर करून घ्यावा लागला. उरलेला मजकूर थेट युनिकोडमध्येच लिहिलेला आहे.

सर्व मजकूर वर्डमधून सिजिल या मुक्त संपादकात आणून त्याची ईपब (ई-पुस्तकांचे प्रचलित स्वरूप) फाइल तयार केली. ईपब तपासणाऱ्या ईपबचेक या साधनाने तपासली असता एकही त्रुटी दाखवली जात नाही. पुस्तक किंडलवर कसे दिसेल ते दाखवणाऱ्या किंडल प्रीव्ह्यूअरमध्ये उघडल्यावर पाने व्यवस्थित दिसतात. प्रथम केडीपीवर (ॲमेझॉनच्या किंडलसाठीच्या स्वयंप्रकाशन सेवेवर) आणि शक्य झाल्यास गुगल प्ले बुक्सवरही पुस्तक उपलब्ध करावे असा विचार आहे. माझा प्रश्न एवढाच आहे की या दोन चाचण्या पुरेशा मानाव्यात का, आणि नसल्यास मराठी पुस्तकासाठी म्हणून आणखी काय तपासावे? इंग्रजी पुस्तकांसाठीचे मार्गदर्शन भरपूर सापडते, परंतु देवनागरीच्या अडचणींविषयी एकत्र असे फारसे वाचायला मिळत नाही.

खिळेजुळारी

आपण विचारलेला प्रश्न महत्त्वाचा आहे आणि त्याचे उत्तर "पुरेशा नाहीत" असेच आहे. त्याचे कारण जरा सविस्तर मांडतो.

ईपब म्हणजे मुळात एक झिप फाइल असते. तिच्यात प्रकरणांच्या एक्सएचटीएमएल फायली, मांडणीची सीएसएस, चित्रे, अनुक्रमणिका आणि या सर्वांची नोंद ठेवणारी ओपीएफ फाइल एवढे सामान असते. ईपबचेक हे साधन तपासते ते या सामानाची बांधणी: नोंदवलेली प्रत्येक फाइल जागेवर आहे का, खुणा नीट बंद झाल्या आहेत का, दुवे अस्तित्वात असलेल्या जागी जातात का. ही तपासणी अत्यावश्यक आहे आणि तिच्यात त्रुटी असताना पुस्तक पुढे पाठवूच नये. परंतु एखाद्या परिच्छेदातील प्रत्येक शब्द चुकीचा असला तरी ईपबचेक तो परिच्छेद निर्दोष ठरवील, कारण मजकूर वाचणे हे त्याचे कामच नाही. किंडल प्रीव्ह्यूअरही मजकूर फक्त दाखवतो. पाहायचे कोठे हे ठाऊक नसेल, तर मराठीतील बहुतेक दोष तेथेही नजरेतून सुटतात.

म्हणून मांडणीच्या चाचणीला मजकुराच्या सांकेतिक शुद्धतेपासून सुरुवात करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. आपल्या रूपांतरित प्रकरणांत धोका सर्वांत जास्त आहे. जुन्या टंकांमध्ये ह्रस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी टंकली जात असे आणि रफार व्यंजनाच्या नंतर, कारण ते टंक अक्षरे डोळ्यांना दिसतात त्या क्रमाने साठवत असत. युनिकोड मात्र उच्चाराच्या क्रमाने साठवते. रूपांतर करताना हा क्रम बदलावा लागतो आणि जोडाक्षर आले की रूपांतरक हमखास अडखळतो. त्यातून "स्थिती"चे "सि्थती" होते, "दुर्ग"चे "दुगर्" होते आणि "मार्ग"चे "मागर्" होते. आपल्या पुस्तकात दुर्ग आणि मार्ग हे दोन शब्द पानोपानी असणार.

हे दोष डोळ्यांनी शोधत बसण्यापेक्षा सिजिलच्या शोधखिडकीत रेगेक्स (चिन्हांचा नमुना देऊन शोधण्याचा) पर्याय निवडून शोधावेत. मराठीत वेलांटीच्या लगेच नंतर हलन्ताचे (अक्षराचा पाय मोडणारे) चिन्ह कधीही येत नाही, त्यामुळे ते जेथे सापडेल तेथे दोष आहे हे निश्चित समजावे. त्याचप्रमाणे "र्" नंतर थेट काना किंवा मात्रा, शब्दाच्या शेवटी आलेला "र्", लागोपाठ दोन अनुस्वार, लागोपाठ दोन काने, हे सर्व एकेकदा शोधून पाहावे. विसर्गाच्या जागी अपूर्णविरामाचे चिन्ह पडलेले असणे हाही नित्याचा प्रकार आहे. "दुःख" आणि "दु:ख" कागदावर जवळजवळ सारखे दिसतात, पण ई-पुस्तकात वाचकाने पहिला शब्द शोधला तर दुसरा सापडत नाही. दंडाच्या जागी संगणकाच्या कळफलकावरील उभी रेघ असते, तीही याच वेळी बदलून घ्यावी.

यापुढचा मुद्दा आपल्या पुस्तकासाठी विशेष महत्त्वाचा आहे. मराठीतील अर्धा र, म्हणजे "पायऱ्या", "दऱ्या", "खोऱ्यात", "वाऱ्याने" या शब्दांतला आडवा र, दोन पद्धतींनी साठवला जातो. एका पद्धतीत नुक्त्याचा ऱ वापरतात, ज्याचा युनिकोडमधील क्रमांक ०९३१ आहे. दुसऱ्या पद्धतीत साधा र, हलन्त आणि त्यानंतर झीरो विड्थ जॉइनर हे अदृश्य चिन्ह येते आणि "पायर्‍या" असे लिहिले जाते. दिसायला दोन्ही सारखेच दिसतात, परंतु संगणकाच्या दृष्टीने ते दोन वेगळे शब्द आहेत. आता होते असे की, वर्डमधून आलेला कचरा काढण्यासाठी अनेक जण "सर्व अदृश्य चिन्हे काढून टाका" अशी आज्ञा देतात, किंवा एखादे रूपांतराचे साधन ती परस्पर काढते. त्या क्षणी "पायर्‍या"चे "पायर्या" होते आणि "दर्‍या"चे "दर्या" होते. पहिली चूक निदान डोळ्यांत भरते. दुसरी शुद्धलेखन तपासनिसालाही सापडणार नाही, कारण दर्या हा शब्द मराठीत आहेच. सह्याद्रीवरच्या पुस्तकात दऱ्यांऐवजी दर्या उसळलेला वाचकाला दिसेल.

यावर उपाय म्हणजे आरंभीच संपूर्ण पुस्तकातील जॉइनरचे आडवे र शोधून त्यांच्या जागी नुक्त्याचा ऱ आणि हलन्त घालावा. मग पुढे कोणत्याही साधनाने अदृश्य चिन्हे काढली तरी अर्ध्या र ला धक्का लागणार नाही.

असाच दुहेरीपणा "ॲ" बाबत आहे. हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलेल्या ५.१ या आवृत्तीत समाविष्ट झाले. त्याआधीच्या मजकुरात अ या अक्षरावर वेगळा चंद्र लावलेला आढळतो, किंवा हिंदीतील ऍ वापरलेला असतो. पहिल्या प्रकारात काही यंत्रांवर चंद्र अक्षराला न चिकटता ठिपक्यांच्या वर्तुळावर बसलेला दिसतो. दिवाळी अंकातील प्रकरणांत "अॅसिड", "अॅड" असे शब्द असल्यास तेवढे एकदा पाहून घ्यावेत.

मोडीवाचक

खिळेजुळारी यांच्या सविस्तर उत्तराला टंकाविषयी पुरवणी जोडतो, कारण बहुतेक स्वयंप्रकाशित मराठी पुस्तकांत मजकूर शुद्ध असूनही ती परकी दिसतात, याचे मूळ टंकात असते.

महाराष्ट्र शासनाच्या ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने वर्णमालेचे लेखन ठरवताना पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श ही मराठी रूपे प्रमाण मानलेली आहेत. अनेक देवनागरी टंकांमध्ये मात्र मूळ रूपे हिंदी वळणाची असतात आणि मराठी रूपे आत स्वतंत्रपणे ठेवलेली असतात. मजकुराची भाषा मराठी आहे असे फाइलने सांगितले तरच टंक ती रूपे बाहेर काढतो. म्हणून पहिली चाचणी अगदी सोपी आहे: ओपीएफ फाइलमधील भाषेची नोंद आणि प्रत्येक प्रकरणाच्या आरंभीच्या खुणेतील भाषेची नोंद "एमआर" या दोन अक्षरी संकेताची आहे का, ते पाहावे. नवीन फाइल तयार करताना संपादक तेथे पुष्कळदा इंग्रजीचा संकेत आपोआप घालतो आणि तो तसाच राहतो. या एका नोंदीवर ल आणि श यांची रूपेच नव्हे, तर मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या यंत्राचा आवाज आणि शब्दकोशाची निवडही अवलंबून असते.

परंतु भाषेची नोंद बरोबर असली तरी प्रत्येक वाचनयंत्र ती टंकापर्यंत पोहोचवीलच असे नाही. ज्यांना ल आणि श मराठीच हवेत त्यांनी ज्या टंकाची मूळ रूपेच मराठी आहेत असा टंक पुस्तकात समाविष्ट करावा. टिरो देवनागरी मराठी हा टंक याच हेतूने हिंदी आणि संस्कृतच्या आवृत्त्यांपासून वेगळा काढलेला आहे. आयआयटी मुंबईचा शोभिका आणि मुंबईतील एक टाइप या संस्थेचा मुक्ता हेही मुक्त परवान्याचे टंक आहेत. पुस्तकाच्या मांडणीसाठी विकत घेतलेला टंक मात्र ई-पुस्तकात घालण्यापूर्वी त्याचा परवाना वाचावा. छापील पुस्तकासाठी दिलेली अनुमती ई-पुस्तकात टंकाची फाइल वाटण्यास लागू होईलच असे नसते.

टंक समाविष्ट केल्यावर तीन गोष्टी नजरेखालून घालाव्यात. ठळक वळणाची फाइल स्वतंत्र दिलेली नसेल तर वाचनयंत्र साध्या अक्षरांनाच जाड करते आणि "ष", "क्ष", "ण" यांच्या पोटातील जागा बुजून जाते. तिरक्या अक्षरांचे तर मराठीत स्वाभाविक वळणच नाही. इंग्रजी पद्धतीने ग्रंथनामे तिरकी केली असतील तर यंत्र ती बळेच कलती करते, त्यापेक्षा अवतरणचिन्हे वापरावीत. तिसरी गोष्ट म्हणजे शीर्षकांना अक्षरांमध्ये अंतर देणारी आज्ञा सीएसएसमध्ये असेल तर ती काढून टाकावी. रोमन लिपीत ती शोभते. देवनागरीत तिच्यामुळे शिरोरेखा तुटून अक्षरे सुटी पडतात.

घाटमाथा

आपणा दोघांचेही मनापासून आभार. टंकाविषयी एक शंका आहे. टंक समाविष्ट केल्याने फाइल मोठी होते, आणि केडीपीच्या ७० टक्के मानधनाच्या पर्यायात भारतातील विक्रीवर प्रत्येक एमबीमागे ७ रुपये वितरणखर्च वजा होतो असे मी वाचले आहे. अशा स्थितीत टंक न घालता वाचकाच्या यंत्रावरील टंकावर विसंबणे योग्य होईल का? दुसरे असे की, टंकातील न लागणारी अक्षरे काढून तो लहान करण्याची सोय काही साधनांत दिसते. ती वापरावी का?

मोडीवाचक

वितरणखर्चाची माहिती बरोबर आहे. ३५ टक्क्यांच्या पर्यायात तो आकारला जात नाही. त्याच वेळी हेही लक्षात घ्यावे की, भारतातील विक्रीवर ७० टक्के मिळवण्यासाठी पुस्तक केडीपी सिलेक्ट या योजनेत नोंदवावे लागते आणि त्या मुदतीत ते डिजिटल स्वरूपात अन्यत्र विकता येत नाही. म्हणजे गुगल प्ले बुक्सचा विचार आधी पक्का करावा, कारण चाचणी कोणत्या यंत्रांवर करायची हेही त्यावरूनच ठरेल.

फाइलचा आकार फुगतो तो मुख्यतः छायाचित्रांनी. देवनागरी टंकाच्या दोन फायली साधारणपणे काहीशे केबींत बसतात, तर छायाचित्रांची एखादी न आटवलेली जोडी त्याहून जास्त जागा घेते. त्यामुळे काटकसर चित्रांत करावी, टंकात नाही.

टंक लहान करण्याविषयी मी सावधगिरीचा सल्ला देईन. "क्ष", "त्र", "ठ्ठ", "द्ध" यांसारख्या जोडाक्षरांना युनिकोडमध्ये स्वतःचा क्रमांक नसतो. ती टंकाच्या आतील नियमांनी तयार होतात. साधन चांगले असेल तर ते नियम ओळखून ही जोडाक्षरे राखते. जे साधन केवळ मजकुरातील क्रमांक मोजते, ते त्यांना अनावश्यक समजून काढून टाकते आणि मग "विठ्ठल" हा शब्द पाय मोडलेला ठ आणि पूर्ण ठ असा सुटा दिसू लागतो. लहान केलेला टंक वापरायचाच असेल तर संपूर्ण पुस्तक त्या टंकात पुन्हा वाचावे लागेल, आणि वाचणारी बचत त्या श्रमांच्या मानाने फारच थोडी असते.

लांबचा_वाचक

मी महाराष्ट्राबाहेर राहतो आणि छापील मराठी पुस्तके येथे सहज मिळत नसल्यामुळे माझे बहुतेक मराठी वाचन ई-पुस्तकांतूनच होते. त्या अनुभवावरून एक विनंती आहे. टंक समाविष्ट करावा, परंतु तो वाचकावर लादू नये. मुख्य मजकुराचा टंक आणि अक्षरांचा आकार अशा रीतीने द्यावा की वाचकाला आपल्या सोयीने बदलता येईल. अक्षरांचा आकार पिक्सेलमध्ये पक्का करून ठेवलेली पुस्तके उतारवयातील वाचकांना वाचताच येत नाहीत.

त्याच जोडीने, प्रत्येक चाचणी अक्षरांचा आकार कमाल करून एकदा आणि पार्श्वभूमी काळी करून एकदा, अशी दोनदा करावी. वर्डमधून आलेल्या मजकुरात "काळा रंग" अशी आज्ञा परिच्छेदागणिक चिकटलेली असते. पांढऱ्या पानावर तिचा पत्ता लागत नाही, पण रात्रीच्या वाचनासाठी पान काळे केले की काळ्यावर काळी अक्षरे पडून परिच्छेदच्या परिच्छेद दिसेनासे होतात. आपल्या नकाशांची पार्श्वभूमी पारदर्शक असेल तर त्यांचेही तसेच होईल. नकाशांना पांढरी पार्श्वभूमी द्यावी. शिवाय ई-शाईच्या बहुतेक पडद्यांवर रंग नसतात हे ध्यानात घेऊन चढाईची वाट लाल आणि उतरणीची हिरवी असा भेद केला असेल, तर त्याऐवजी एक रेघ सलग आणि दुसरी तुटक काढावी. नकाशातील गावांची नावे सहा इंची पडद्यावर वाचता येतात की नाही, हे त्या आकाराच्या प्रत्यक्ष पडद्यावरच कळेल.

ओवीसंग्राहक

घाटमाथा यांनी पुस्तकात ओव्या असल्याचे लिहिले आहे, म्हणून तेवढ्यापुरते सांगते. पद्याची ओळ मोठ्या अक्षरांत पडद्याच्या रुंदीत मावत नाही आणि उरलेला शब्द पुढच्या ओळीवर जातो. तो थेट समासाला चिकटला तर वाचकाला ती नवी ओळच वाटते आणि ओवीचा चरण मोडतो. यासाठी पद्याच्या परिच्छेदाला डावा समास द्यावा आणि पहिल्या ओळीला तेवढाच उलटा, म्हणजे ऋण समास द्यावा, जेणेकरून वळलेला भाग आत सरकून दिसेल. ओवीच्या शेवटी "॥१॥" असा क्रमांक असेल तर त्याच्या आधीची मोकळी जागा न तुटणारी ठेवावी. अन्यथा दंड आणि अंक एकटेच खालच्या ओळीत जाऊन बसतात. ओव्या चित्ररूपाने घालण्याचा मोह मात्र टाळावा, कारण चित्रातली ओवी शोधता येत नाही, मोठी करता येत नाही आणि ऐकताही येत नाही.

खिळेजुळारी

ओवीसंग्राहक यांची सूचना अभंगांनाही तंतोतंत लागू पडते.

आता प्रत्यक्ष चाचणीची रीत सांगतो. संपूर्ण पुस्तक हाती घेण्यापूर्वी एकाच प्रकरणाची एक लहान कसोटी-फाइल तयार करावी. तिच्यात पुस्तकातील प्रत्येक प्रकारच्या घटकाचा एकेक नमुना असावा: एक शीर्षक, एक साधा लांब परिच्छेद, एक ओवी, एक तळटीप, तक्ता, नकाशा, छायाचित्र आणि शेवटी अवघड अक्षरांचा एक परिच्छेद. माझ्या परिच्छेदात वाङ्मय, उद्ध्वस्त, उज्ज्वल, ऱ्हास, तऱ्हा, विठ्ठल, क्लृप्ती, हृदय, कृष्ण, ब्राह्मण, चिन्ह, दुःख, ॲड, ऑगस्ट, ट्रॅक, षट्कोन आणि ळ व ज्ञ असलेले शब्द असतात, शिवाय एकाच अक्षरावर वेलांटी, रफार आणि अनुस्वार यावेत म्हणून "मूर्तींना" आणि "कीर्तीं" ही दोन रूपे मुद्दाम घातलेली असतात. ओळींमधले अंतर पुरेसे आहे की नाही, हे अशाच अक्षरांवरून कळते. अंतर कमी असेल तर वरच्या ओळीतील उकार आणि खालच्या ओळीतील अनुस्वार एकमेकांवर चढतात, किंवा पहिल्या ओळीचे माथे कापले जाते. अंतर पिक्सेलमध्ये कधीही देऊ नये. द्यायचेच झाले तर अक्षराच्या आकाराच्या सुमारे दीडपट असे प्रमाणात द्यावे.

ही कसोटी-फाइल किंडल प्रीव्ह्यूअरमध्ये फोन, टॅब्लेट आणि ई-रीडर या तिन्ही दृश्यांत पाहावी. त्यानंतर थोरियम रीडर या संगणकावर ईपब वाचण्याच्या साधनात, अँड्रॉइड फोनवरील एखाद्या वाचन-ॲपमध्ये, आणि गुगल प्ले बुक्सचा विचार कायम असेल तर तेथे स्वतःच्या संग्रहात चढवून पाहावी. प्रत्यक्ष किंडलवर पाहण्यासाठी सेंड टू किंडल या ॲमेझॉनच्या सोयीने ईपब पाठवता येते. त्या मार्गाने होणारे रूपांतर केडीपीवरील रूपांतराशी प्रत्येक बाबतीत जुळत नाही, तरीही हातात धरून वाचताना जे खटकते ते संगणकाच्या पडद्यावर खटकत नाही. म्हणून मी ही पायरी कधीही गाळत नाही.

आपल्या उंचीच्या तक्त्याविषयी: कळसूबाई १६४६ मीटर, साल्हेर १५६७ मीटर, हरिश्चंद्रगड १४२४ मीटर अशा दोन स्तंभांच्या नोंदी असतील तर अडचण येणार नाही. त्यात जिल्हा, पायथ्याचे गाव, लागणारा वेळ असे स्तंभ वाढत गेले की फोनवर प्रत्येक स्तंभ चार अक्षरांएवढा अरुंद होतो, आणि मराठीतील लांब नावे त्यात कोंबली जातात किंवा पडद्याबाहेर जातात. अशा वेळी तक्ता मोडून प्रत्येक शिखराची नोंद लहान परिच्छेदात देणे वाचकाला अधिक सोयीचे होते. प्रीव्ह्यूअरमध्ये केवळ तक्ते, केवळ चित्रे किंवा केवळ दुवे असलेली पाने गाळून पाहण्याची सोय आहे, तिचा उपयोग करावा.

तळटीपेच्या खुणेसाठी वर चढवलेला एकटा देवनागरी अंक बोटाने दाबायला फार लहान पडतो. तो कंसात घालावा. टीपेवर जाणारा आणि टीपेवरून परत येणारा असे दोन्ही दुवे हवेत, आणि ते प्रत्येक टीपेसाठी स्वतः दाबून पाहावेत. छापील पुस्तकासाठी लिहिलेल्या मजकुरात "पृष्ठ ४७ पाहा" असे उल्लेख राहून जातात. ई-पुस्तकात त्या पृष्ठाला अर्थ नसतो, म्हणून तेथे त्या भागाचा दुवा द्यावा.

श्रवणवाचक

मला अगदी कमी दिसते आणि मी पुस्तके फोनच्या आवाजातून ऐकतो. या चर्चेत भाषेच्या नोंदीचा उल्लेख आला आहे, त्याला मी दुजोरा देतो. नोंद हिंदीची असली की मराठी वाक्ये हिंदी उच्चारांनी ऐकावी लागतात आणि नोंद इंग्रजीची असली तर काही वेळा यंत्र मराठी मजकूर वाचतच नाही.

माझी सूचना अशी की, मुद्रितशोधनाचा शेवटचा हात म्हणून लेखकाने स्वतःचे पुस्तक एकदा यंत्राच्या आवाजात ऐकावे. थोरियममध्ये मोठ्याने वाचण्याची सोय आहे आणि अँड्रॉइड फोनवर मराठी आवाज उपलब्ध आहे. डोळा सवयीने चुकलेला शब्दही बरोबर वाचतो, परंतु यंत्र "दुगर्" आणि "पायर्या" जसे लिहिले आहे तसेच उच्चारते, आणि कान लगेच टवकारतात. वर सांगितलेला "दर्या"देखील ऐकताना निश्चित कळेल, कारण त्याचा उच्चारच वेगळा आहे. चित्रांना पर्यायी मजकूर द्यावा ही विनंतीही करतो. "नकाशा १" एवढे लिहिण्याने मला काहीच समजत नाही. "नाणेघाटाची वाट, पायथ्यापासून गुहेपर्यंत, मधला ओढा डाव्या हाताला" असे लिहिले तर माझ्यासमोर ती वाट उभी राहते. दृष्टिहीन वाचकांसाठी काम करणाऱ्या डेझी संस्थेचे एस नावाचे विनामूल्य साधन पर्यायी मजकूर राहून गेलेली चित्रे दाखवून देते. मजकूर अर्थपूर्ण आहे की नाही, हे मात्र माणसानेच पाहावे लागते.

घाटमाथा

सर्वांच्या सूचनांप्रमाणे तपासणी केली आणि जे आढळले ते पुढे येणाऱ्यांच्या उपयोगासाठी नोंदवतो.

रूपांतरित प्रकरणांत रेगेक्सने शोध घेतल्यावर वेलांटीनंतर हलन्त आणि शब्दाच्या शेवटी रफार हे दोन्ही दोष पुष्कळ ठिकाणी सापडले. "दुगर्" होतेच, शिवाय "पूवर्" आणि "पवर्त"ही होते. मी थेट युनिकोडमध्ये लिहिलेल्या प्रकरणांत हे दोष नव्हते, पण आडव्या र च्या दोन्ही पद्धती सरमिसळ झालेल्या होत्या, कारण काही मजकूर फोनवर आणि काही संगणकावर लिहिला गेला होता. आता सर्वत्र नुक्त्याचा ऱ आहे, आणि "पायऱ्या" हा शब्द शोधल्यावर सर्व प्रकरणांतील पायऱ्या सापडतात. भाषेची नोंद ओपीएफमध्ये मराठीची होती, परंतु प्रकरणांच्या फायलींत इंग्रजीची राहिली होती. ती बदलल्यावर थोरियममध्ये ल आणि श तत्काळ मराठी वळणाचे दिसू लागले. प्रीव्ह्यूअरमध्येही तेच वळण हमखास मिळावे म्हणून टिरो देवनागरी मराठी हा टंक समाविष्ट केला. त्यात ठळक वळण नसल्यामुळे शीर्षकांसाठी मुक्ताचे ठळक वळण घेतले आहे.

काळ्या पार्श्वभूमीवर दोन नकाशे पूर्णपणे नाहीसे होत होते, त्यांना पांढरी पार्श्वभूमी दिली. तक्ता मोडून परिच्छेद केले. श्रवणवाचक यांच्या सूचनेप्रमाणे पुस्तक ऐकण्यास सुरुवात केली असून पर्यायी मजकूर नव्याने लिहीत आहे. ते लिहिताना काही नकाशांत दिशाच दाखवलेली नाही, हे लक्षात आले.

शेवटची शंका अशी की, एवढी काळजी घेऊनही प्रकाशनानंतर एखादा दोष आढळला, तर दुरुस्त फाइल चढवता येते का? आणि ती आधी पुस्तक घेतलेल्या वाचकांपर्यंत पोहोचते का?

खिळेजुळारी

केडीपीवर दुरुस्त फाइल केव्हाही चढवता येते आणि नव्या ग्राहकांना तीच मिळते. आधी पुस्तक घेतलेल्यांच्या यंत्रावर ती आपोआप पोहोचेल असे मात्र गृहीत धरू नये. ते वाचकाने स्वयंचलित अद्ययावतीकरणाची सोय चालू ठेवली आहे का, यावरही अवलंबून असते. म्हणून ज्यांनी पहिल्या आठवड्यात विश्वासाने पुस्तक घेतले, त्यांच्याच वाट्याला सदोष प्रत येऊ नये यासाठी सगळी तपासणी आधी करावी, असा माझा आग्रह असतो.

आणखी एक गोष्ट प्रकाशनापूर्वीच पाहावी. किंडलवर पुस्तकाचा आरंभीचा सुमारे १० टक्के भाग विनामूल्य नमुना म्हणून वाचायला मिळतो. आपल्याकडे प्रस्तावना, मनोगत, ऋणनिर्देश, अर्पणपत्रिका आणि अभिप्राय यांनीच तो भाग भरून जातो आणि वाचकाला लेखकाच्या मूळ लेखनाचा एक परिच्छेदही दिसत नाही. मनोगत थोडक्यात ठेवून ऋणनिर्देश आणि अभिप्राय पुस्तकाच्या शेवटी न्यावेत, आणि नमुना कोठे संपतो याचा अंदाज घेऊन पहिल्या घाटवाटेचे वर्णन त्यात यावे असे पाहावे. मुखपृष्ठाचे चित्र २५६० पिक्सेल उंच आणि १६०० पिक्सेल रुंद ठेवावे आणि तेही नखाएवढे लहान करून पाहावे, कारण दुकानातील यादीत वाचकाला ते तेवढेच दिसते. त्या आकारात शीर्षकाची अक्षरे वाचता आली पाहिजेत.

श्रेयपानावर आवृत्तीबरोबर फाइलची तारीख लिहावी. एखाद्या वाचकाने दोष कळवला तर त्याच्याकडे कोणती फाइल आहे हे त्या तारखेवरून समजते. दुरुस्ती करण्यापूर्वी जुनी फाइल वेगळ्या नावाने जपून ठेवावी. फाइलचे नाव आणि ईपबच्या आतील सर्व फायलींची नावे रोमन अक्षरांत, मोकळी जागा न सोडता लिहावीत. आणि दुरुस्ती कितीही लहान असली, अगदी एका अनुस्वाराची असली, तरी नवी फाइल ईपबचेकमधून काढून कसोटीच्या सर्व यंत्रांवर एकदा उघडून पाहिल्याशिवाय चढवू नये.